बाटली दगड झाली की फ्रीजमध्ये

माझ्या मुलाला कोल्ड्रिंकची सवय लागली होती, ती सोडवायची म्हणून मी घरी फसफसणारी पेयं आंबवायच्या या सगळ्यात पडले. तो अकरा वर्षांचा आहे. एकदा ३३० मिलीच्या कॅनवरचं लेबल वाचून मी त्यातली साखर वाटीत काढून त्याच्यासमोर ठेवली, साधारण ३५ ग्रॅम भरली, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. त्याने वाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "पण आई, मला गोड नाही आवडत त्यातलं, मला ते नाकात झिणझिण्या येतात ना, ते आवडतं." तेव्हा मला कळलं की सरबत, ज्यूस वगैरे देऊन काही होणार नाहीये, याला फसफस पाहिजे. आणि त्याच आठवड्यात कुठेतरी वाचलं की आलं आणि साखर बरणीत ठेवलं तर आपोआप गॅस तयार होतो, वर ते प्रोबायोटिक का काय म्हणतात तेही असतं. म्हटलं चला, करून बघू.

सुरुवात आल्यापासूनच केली कारण त्याला काही विकत आणावं लागत नाही. काचेची बरणी, अर्धा लिटर पाणी, एक मोठा चमचा किसलेलं आलं, एक मोठा चमचा साखर, वर कापड बांधायचं आणि रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर घालून ढवळायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आलं छान सोलून, खसाखसा धुवून घातलं, स्वच्छता पाहिजे ना म्हणून. आठ दिवस झाले तरी एक बुडबुडा नाही आणि नवव्या दिवशी असा कुजका वास आला की सगळं ओतून दिलं. नंतर कळलं की जे यीस्ट आणि जिवाणू आपल्याला पाहिजेत ते आल्याच्या सालीवरच असतात आणि मी तेच सोलून केराच्या डब्यात टाकले होते. शिवाय पाणी थेट नळाचं घेतलं होतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जंतू मारायलाच, मग आपले जंतू तरी कसे वाढणार त्यात. दुसऱ्या वेळी पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलं, क्लोरीन उडून जातं त्याने (पण पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरत असतील तर ते असं उडत नाही, त्याला कार्बन फिल्टर लागतो, हे लक्षात ठेवा), आलं सालीसकट किसलं आणि तिसऱ्या दिवशी ढवळताना कडेकडेने बारीक बुडबुडे दिसले. पाचव्या दिवशी तर चमचा फिरवला की वर फेस येऊन बारीक चर्रर्र असा आवाज यायचा. मुलगा बरणीला कान लावून बसायचा. तो आवाज मला अजून आवडतो, खरंच, घरात काहीतरी जिवंत पाळल्यासारखं वाटतं.

त्यातलं गाळून घेतलेलं पाणी पाव कप, एक लिटर आलं-लिंबू-साखरेच्या थंड केलेल्या पाण्यात मिसळलं आणि बाटलीत बंद करून दोन दिवस बाहेर ठेवलं, मग फ्रीजमध्ये. उघडताना टिस्स झालं! एवढंसं टिस्स, पण आम्ही दोघं नाचलो अक्षरशः. मुलाने अर्धा ग्लास प्यायला आणि म्हणाला झिणझिण्या येतात. त्या अर्ध्या ग्लासाबद्दल पुढे बोलायचंय मला.

मग एका मैत्रिणीने कोंबुचाची, म्हणजे गोड चहा आंबवून करतात त्या पेयाची, बरणी दिली. वर तरंगणारी जाड, गुळगुळीत, मळकट पांढरी चकती आणि खाली दीड-दोन कप आंबट पाणी. देताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, "अगं, चकतीचं एवढं काही नाही, खालचं पाणी सांडू नकोस." आणि मी घरी येऊन नेमकं उलटं केलं. ते पाणी गढूळ होतं, तळाशी तपकिरी धागे तरंगत होते, व्हिनेगरसारखा वास येत होता, मला वाटलं हे जुनं झालंय, मुख्य ती चकतीच असणार. पाणी दोन चमचे ठेवलं बाकी ओतलं, चकती धुतली(!) आणि गोड चहात सोडली. सहाव्या दिवशी वर कोरडी, केसाळ, पांढरी-हिरवी ठिपक्या-ठिपक्यांची बुरशी आली. बुरशी आली की वरवर काढून खालचं प्यायचं नाही, चकती, चहा सगळं टाकायचं आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवायची, यात दुसरा विचार करू नका. मैत्रिणीला फोन केला तेव्हा मला खूप अपराधी वाटलं, तिने चार महिने सांभाळलेलं होतं ते. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "आता पाणी का महत्त्वाचं ते वाचून काढ आणि मग ये."

म्हणून वाचलं. आणि ते कळल्यावर सगळं सोपं झालं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

स्कोबी म्हणतात ती चकती म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आहे, कापसात किंवा झाडाच्या देठात असतं तेच, फक्त इथे ते जिवाणू विणतात, कोमागाटाइबॅक्टर झायलिनस असं मोठं नाव आहे त्या जिवाणूचं. काही जिवाणू आणि यीस्ट चकतीत अडकलेले असतात हे खरं, पण पाण्यात ते भरपूर असतात आणि मुख्य म्हणजे ते पाणी आंबट असतं. आपण विरजण लावतो तसंच हे विरजण. नुसता गोड चहा आंबट नसतो, त्यात कुठलीही बुरशी सुखाने वाढू शकते. त्यात पुरेसं आंबट पाणी घातलं की पहिल्या मिनिटापासून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साडेचारच्या खाली जातो आणि मग नको असलेल्या बहुतेक जंतूंना तिथे राहणं कठीण होतं आणि आपल्या मंडळींना मात्र तेच आवडतं. मी दोन चमचे घातलं होतं, म्हणजे दारच उघडं ठेवलं होतं. चकती नसली आणि नुसतं आंबट पाणी असलं तरी कोंबुचा होतो, आठ-दहा दिवसांत वर नवीन पातळ पापुद्रा आपोआप धरतो. उलटं, चकती आहे आणि पाणी नाही, हे धोक्याचं.

आत काय चालतं तेही भारी आहे. यीस्ट साखर फोडतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळं करतं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. मग जिवाणू ते अल्कोहोल हवेतला ऑक्सिजन वापरून ॲसिटिक ॲसिडमध्ये बदलतात, म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड, आणि काही ग्लुकोजचं ग्लुकॉनिक ॲसिड करतात. एकाचं उरलेलं दुसऱ्याचं जेवण. म्हणून पहिल्या टप्प्यात बरणीला झाकण लावत नाहीत, कापड बांधतात, जिवाणूंना हवा लागते. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या टप्प्यात आपण बाटली बंद करतो आणि तिथे सगळं गणित बदलतं, मला ते उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेला मी मैत्रिणीकडून पाणी जास्त मागून आणलं. तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे: एक लिटर पाणी, ६ ग्रॅम साधी काळी चहा पावडर, ७० ग्रॅम साखर. चहा दहा मिनिटं मुरू द्यायचा, गाळायचा, गरम असतानाच साखर विरघळवायची आणि मग पूर्ण गार होईपर्यंत वाट बघायची. घाई करून गरम चहात विरजण घातलं तर ते मरू शकतं. गार झाला की १५० मिली जुना आंबट कोंबुचा घालायचा, १०० च्या खाली तर जाऊच नका. सुगंधी तेल घातलेला चहा, बर्गमॉटवाला वगैरे, याला वापरत नाही मी, त्या तेलांनी विरजण हळूहळू अशक्त होतं असं बरेच जाणकार सांगतात. बरणी काचेचीच. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको आणि रंगीत चकाकीची मातीची भांडीही नकोत, काही ग्लेझमध्ये शिसं असतं आणि ॲसिड ते ओढून बाहेर काढतं. शोभेच्या भांड्यात तर अजिबात करू नका.

कापडाचंही सांगते. मी आधी जाळीदार कापड लावलं होतं, चिलटं आत गेली आणि दोन दिवसांनी पापुद्र्यावर बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. ती बॅचही गेली. आता दाट विणीचं सुती कापड दुहेरी घडी करून घट्ट रबरबँड लावते, त्यानंतर परत कधी झालं नाही.

किती दिवस ठेवायचं याचं उत्तर सगळे सात ते चौदा दिवस असं देतात आणि मी सुरुवातीला कॅलेंडरवर गोल करून ठेवायचे, दहावा दिवस आला की काढायचे. ते चूक होतं. २४ ते २९ डिग्री तापमान असेल तर छान चालतं, गारठा असला की तेच काम दुप्पट दिवस घेतं, उकाडा असला की सहाव्या दिवशीच जिभेला झोंबतं. आता मी पाचव्या दिवसापासून रोज पापुद्र्याच्या कडेने स्ट्रॉ घालून एक घोट चाखते. आधी गोड चहा, मग सफरचंदाच्या रसासारखं काहीतरी, मग आंबटगोड समसमान, मग गोडी मागे पडते. त्या समसमानच्या एक दिवस पुढे मी काढते. पीएचच्या पट्ट्यापण वापरते, तीनच्या आसपास आला की झालं, अडीचच्या खाली गेला तर प्यायला फार तीव्र होतो. एकदा घरात गडबड होती आणि बरणी तीन आठवडे तशीच राहिली, चक्क व्हिनेगर झालं होतं. पण तेही टाकलं नाही, पुढच्या बॅचेससाठी ते एक नंबर विरजण निघालं. आणि हो, तळाशी तपकिरी धागे-गाळ दिसतो ते यीस्ट असतं, घाबरू नका. बुरशी नेहमी वर, कोरडी आणि केसाळ असते, खाली ओल्यात जे लोंबतं ते बहुतेक वेळा यीस्टच.

आता बाटलीचा भाग, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर इजा होऊ शकते.

पहिल्या टप्प्यातला कोंबुचा फार फसफसत नाही, गॅस कापडातून निघून जातो. फसफस हवी तर बाटलीत भरून, थोडा फळाचा रस घालून, घट्ट बंद करून एक ते तीन दिवस बाहेर ठेवायचं. माझ्या चौथ्या बॅचला मी तीन बाटल्या भरल्या. बाटल्या शोभेच्या, चौकोनी, पातळ काचेच्या. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत १०० मिली अननसाचा रस, कारण मुलाला अननस आवडतो. कोंबुचा सहाव्या दिवशीच काढला होता, चांगला गोड होता अजून, म्हटलं त्याला आंबट आवडणार नाही. आणि मग आम्ही दोन दिवसांसाठी बाहेर गेलो ते पाच दिवस लागले, उन्हाळा होता. परत आलो त्या रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मी धावत गेले, दिवा लावला, ओट्यावर काही नाही, काच पार समोरच्या भिंतीपाशी, एक तुकडा लाकडी कपाटाच्या दारात रुतलेला, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर. मी तिथेच उभी राहिले किती तरी वेळ. बाकी दोन बाटल्या तशाच उभ्या होत्या शेजारी. त्यांना हात लावायची हिंमत होईना. नवरा जाड गोधडी घेऊन आला, त्याने त्या बाटल्या गोधडीत गुंडाळून बादलीत ठेवल्या, वर दुसरी जाड चादर टाकली, मग फ्रीजमध्ये बादलीसकट, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर चादरीच्या आतूनच झाकण हळूहळू सैल केलं. मला विचाराल तर त्या अवस्थेत हातच न लावणं जास्त शहाणपणाचं, आम्ही नशिबाने वाचलो.

त्यानंतर महिनाभर मी काही केलं नाही. मुलगा रोज विचारायचा. शेवटी वही-पेन घेऊन बसले आणि गणित केलं, जे आधी करायला पाहिजे होतं.

लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि २ ग्रॅम गॅस म्हणजे जवळजवळ एक लिटर गॅस, म्हणजे पेयाच्या आकारमानाच्या एक पट. दुकानातलं कोल्ड्रिंक साधारण साडेतीन ते चार पट असतं. म्हणजे तेवढी फसफस यायला लिटरमागे १४-१६ ग्रॅम साखर आंबली की पुरे. आता माझ्या बाटलीचं बघा. अननसाच्या रसात १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती म्हणजे लिटरला २० ग्रॅम. नुसती ती आंबली तरी पाच पट. आणि कोंबुचात आधीची साखर वेगळी, समजा लिटरमागे ४० ग्रॅम उरली असेल तर त्याचे अजून दहा पट. पंधरा पट गॅस कुठली शोभेची बाटली धरून ठेवणार? सगळी साखर आंबायला वेळ लागतो म्हणून दोन दिवसांत सहसा काही होत नाही, पाच दिवसांच्या उकाड्यात होतं. साखर किती घातली याइतकंच थांबवलं कधी हे महत्त्वाचं, आणि थांबवायचं साधन घरी एकच, फ्रीज. थंडीत यीस्ट मरत नाही, सुस्तावतं.

तेव्हापासूनचे माझे नियम. बाटल्या गोल, जाड काचेच्या, गॅसच्या पेयांसाठीच बनवलेल्या, तारेची कडी आणि रबराची रिंग असलेल्या. चौकोनी कधीच नाही, कोपऱ्यांवर ताण येतो आणि तिथून फुटते. कोंबुचा आंबटगोड समसमानच्या पुढे गेल्याशिवाय बाटलीत भरायचा नाही. अर्ध्या लिटरला रस ५० मिलीच्या वर नाही. वर दोन-तीन सेंटीमीटर जागा. सगळ्या बाटल्या झाकणाच्या जाड खोक्यात, ओट्यावर मोकळ्या कधीच नाहीत. आणि सगळ्यात कामाचा नियम मैत्रिणीने दिला: प्रत्येक बॅचला एक छोटी प्लास्टिकची सोड्याची बाटली भरायची, तेच पेय, तेवढाच रस, तेवढीच रिकामी जागा. काचेची बाटली आत काय चाललंय ते सांगत नाही, प्लास्टिकची सांगते. पहिल्या दिवशी दाबली की मऊ लागते, दुसऱ्या दिवशी चेंडूसारखी, आणि दाबून अजिबात दबत नाही, दगडासारखी लागते तेव्हा सगळ्याच्या सगळ्या बाटल्या त्याच मिनिटाला फ्रीजमध्ये, उद्या सकाळी वगैरे नाही.

फ्रीजमध्ये निदान एक दिवस ठेवूनच उघडायची. गार पाण्यात गॅस जास्त विरघळतो, फ्रीजच्या तापमानाला साध्या तापमानाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून गार बाटली उघडली की फेस आत राहतो आणि गरम उघडली की अर्धं पेय छतावर जातं. फळाचे तुकडे घालत नाही मी आता, गाळलेला रसच घालते, तुकड्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे एकदम तयार होतात आणि बाटली उतू जाते.

हे गणित करताना अजून एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला जास्त लागली. यीस्ट साखरेचा गॅस करतं तेव्हा जेवढ्या वजनाचा गॅस, जवळजवळ तेवढ्याच वजनाचं अल्कोहोल करतं. पहिल्या टप्प्यात उघडी बरणी असते, जिवाणू त्यातलं बरंचसं अल्कोहोल ॲसिडमध्ये बदलतात. पण बंद बाटलीत ऑक्सिजन नाही, मग ते अल्कोहोल तिथेच राहतं. एक पट गॅस म्हणजे साधारण पाव टक्का अल्कोहोल, तीन पट फसफस हवी तर पाऊण टक्का, वर पहिल्या टप्प्यातलं उरलेलं वेगळंच. अमेरिकेत अर्धा टक्का ही हद्द आहे, त्याच्या वर गेलं की ते मद्याच्या नियमात बसतं. म्हणजे ज्या झिणझिण्या माझ्या मुलाला हव्या होत्या त्या आणि अल्कोहोल एकाच साखरेतून येतात, एक घेऊन दुसरं टाकता येत नाही. आणि हे कोंबुचाचंच नाही, आल्याच्या पेयाचंही तसंच, तो पहिला अर्धा ग्लास मी त्याला आनंदाने दिला होता.

अर्ध्या ग्लासाने काही झालं नाही, पिकलेल्या फळातही थोडंसं अल्कोहोल असतंच हे मला माहितीये. पण दर बॅचला किती आहे हे मला घरी मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही ते मी अकरा वर्षांच्या मुलाला रोज देणार नाही, असं मी ठरवलं. गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक, दारू वर्ज्य असलेले किंवा दारू सोडलेले लोक, यांनीही घरचं कोंबुचा पिऊ नये असंच मी सांगेन, डॉक्टरशी बोलल्याशिवाय तर नाहीच. मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं, वहीतलं गणितपण दाखवलं. तो रुसला. "मग हे कुणासाठी करत होतीस?" म्हणाला. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्यासाठी आता मी साध्या सोडा वॉटरमध्ये ताजा रस घालून देते, एका ग्लासात तीन भाग सोडा, एक भाग रस. झिणझिण्या येतात, साखर कॅनच्या पाव-तिसऱ्या हिश्शावर आली, आणि त्यात अल्कोहोलचा प्रश्नच नाही. हे इतकं सोपं होतं, मला पहिल्याच दिवशी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

मधल्या काळात वॉटर केफिरही करून बघितलं, त्यात दाण्यांनी साखरेचं पाणी आंबवतात. त्याचे दाणे काचेच्या चुऱ्यासारखे पारदर्शक, जेलीसारखे लागतात हाताला. तो डेक्सट्रान नावाचा साखरेपासूनच बनलेला पदार्थ असतो आणि त्यात जिवाणू-यीस्ट राहतात. अशाच दाण्यांवर १८९२ मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने काम केलं होतं, जिंजर बिअर प्लांट म्हणायचे त्याला, आणि त्याने दाखवलं की ही एक वनस्पती नसून यीस्ट आणि जिवाणूंचं एकत्र घर आहे. लिटरला ६० ग्रॅम साखर, तीन-चार चमचे दाणे, २४ ते ४८ तास, एवढंच. कोंबुचापेक्षा सौम्य आणि चटकन होतं. माझे दाणे मात्र पंधरा दिवसांत लहान आणि पिठूळ व्हायला लागले, कारण मी क्षार काढून टाकलेलं फिल्टरचं पाणी वापरत होते. एक सुकं अंजीर टाकायला लागल्यावर आणि पाणी बदलल्यावर सुधारले. चांगलं आहे ते, पण रोज लक्ष द्यावं लागतं आणि मला ते झेपत नाही, मी दाणे शेजारच्या वहिनींना देऊन टाकले, त्या छान सांभाळतात.

पोटाचं काय ते विचारतात सगळे. सुरुवातीला मी उत्साहात सकाळी उपाशीपोटी मोठा ग्लास प्यायचे आणि तिसऱ्या दिवशी छातीत असं जळजळलं की दोन दिवस नुसता भात खाल्ला. आता जेवणानंतर १०० मिली, कधी १२०, त्याच्या वर नाही. पोट सुधारलं का? मी तसं म्हणणार नाही. प्रोबायोटिक या शब्दाची व्याख्या २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने केली, जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि त्याने आरोग्याला फायदा होतो असं दिसलेलं पाहिजे. २०१४ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी आणखी स्पष्ट केलं की आंबवलेल्या पदार्थात नेमके कुठले जंतू किती आहेत हे ठरलेलं नसेल तर त्याला प्रोबायोटिक म्हणू नये. माझ्या बरणीत कोण किती आहे हे मला माहीत नाही, प्रत्येक घरची बरणी वेगळी. माणसांवर झालेले नीट अभ्यास कोंबुचाचे फार थोडे आहेत. आणि साखर पूर्ण जात नाही, आंबटपणात लपते फक्त, मधुमेह असलेल्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं. मी हे पिते कारण चव आवडते आणि माझं स्वतःचं संध्याकाळचं कोल्ड्रिंक, जे मी मुलापासून लपवून प्यायचे, ते सुटलं. तेवढा फायदा मला दिसलाय, तेवढाच सांगते.

आता बावीसावी बॅच चालू आहे. वहीत प्रत्येकीचं तापमान, दिवस, चव, रस किती, बाटली कधी दगड झाली हे लिहिलेलं आहे. शेवटचा रकाना मुलाचा. तो हे पीत नाही, पण शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी खोक्यातून प्लास्टिकची बाटली काढून दाबून बघतो, काचेच्या बाटल्यांना हात लावायचा नाही हे त्याला पक्कं माहितीये. काल मी फोनवर होते, तो दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, दगड." मी फोन ठेवला आणि उठले.